लातूरला दहाच जण उतरलो

नांदेडच्या आमच्या कॉलेजात फुटबॉल खेळणारी पोरं मोजून बारा. त्यातला खरा खेळाडू एकच, आमचा कप्तान. त्याचे वडील कचेरीत पेशकार होते, साहेबापुढं कागद मांडायचे. बाकी आम्ही शेतातली, दुकानातली पोरं, चेंडूमागं नुसतं पळायचो. त्या हंगामातले पहिले तिन्ही सामने हरलो. परभणीला कप्तान अंगात ताप असताना खेळला, आणि आमचा वर्षातला एकुलता एक गोल त्यानंच केला.

मग छप्पन साली हैदराबाद राज्याची वाटणी झाली, नांदेड मुंबई राज्यात आलं. त्याच्या वडिलांनी हैदराबादची नोकरी पत्करली आणि आठ दिवसांत त्यांचं घर हललं. स्टेशनावर निरोप द्यायला गेलो तेव्हा त्यानं कप्तानपद माझ्या गळ्यात घातलं.

"लातूरच्या मॅचला येतो मी. उदगीरपर्यंत रेल्वे, पुढं मोटार. मेरी जगह रखना," तो म्हणाला.

"हाव," मी म्हणालो.

तो गेल्यावर आम्ही बरोबर अकरा उरलो. अकरावा मुखेडकडचा. त्याला आजवर एकाही सामन्यात उतरवलं नव्हतं, तरी सरावाला तो सगळ्यांच्या आधी हजर असायचा. लातूरला तो कुणाचे तरी मोठे बूट घालून, पुढं कापूस कोंबून तयार बसला होता.

पंचानं विचारलं, "अकरा हायेत का?"

"दहा. एक येऊन राहिलाय," मी म्हणालो.

मुखेडच्या पोरानं माझ्याकडं पाहिलं. त्याला उतरवलं असतं तर कप्तानाला जागा उरली नसती. एकदा उतरलेला गडी बदलायची तेव्हा सोय नव्हती. खेळताना माझं अर्धं लक्ष रस्त्याकडं. धूळ उडाली की वाटायचं, आला. मध्यंतराला आमच्यावर चार गोल झालेले होते.

पोरगा जवळ आला. "आता तरी उतरू का?"

"थांब जरा," मी म्हणालो.

कप्तान आला नाही. आम्ही सात गोलांनी हरलो. त्याचं पत्रही कधी आलं नाही. का आला नाही ते मला आजतागायत कळलं नाही. पुढच्या वर्षी संघच उभा राहिला नाही.

बऱ्याच वर्षांनी कामानिमित्त मुखेडला गेलो होतो. बाजाराचा दिवस होता. त्या अकराव्या पोरानंच मला ओळखलं, हॉटेलात नेऊन चहा पाजला. शेती करत होता. मी लातूरचा विषय काढला.

"त्या दिवशी आमचे वडील, बापू, आले होते मॅच पाहायला," तो म्हणाला. "सांगितलं न्हाई तुम्हाला. रेषेच्या पलीकडं बसून होते, शेवटपर्यंत."

"मग?"

"मग काय? वाटेत एवढंच म्हणाले, 'तू तर म्हणला होतास, खेळून राहिलोय म्हणून.' त्यांना वाटलं, कॉलेजचंबी सगळं खोटंच असंल. पुढच्या साली कॉलेजला धाडलं न्हाई."

तो रागानं बोलत नव्हता. मला माफी मागायची होती, पण तेवढ्यात त्याची बस लागली आणि तो पिशवी उचलून निघाला. नंतर चारदा मुखेडला जायचं ठरवलं. गेलो नाही. आता तो नाही, आणि आमच्या संघातला मीच तेवढा उरलोय. माफी मागितली असती तरी त्याचं कॉलेज काही परत मिळणार नव्हतं, अशी मनाची समजूत घालतो. ती पटत नाही.