उकळायला दिलेली नळी

सुलाबाई गांगुर्डे फटकळ होत्या, हे गंगापूर रोडवरच्या त्या छोट्या प्रयोगशाळेत सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांना कामावर ठेवलं होतं काचेच्या नळ्या धुवायला. पण अकरा वर्षं खाली मान घालून नुसत्या नळ्या धुणं कोणाला जमतं? सुलाबाईंना तर मुळीच नाही. समोर दिसेल ते बघायचं आणि बघितलेलं बोलून टाकायचं, ही त्यांची खोड.

तिथे वाटाण्याच्या बियाण्याला चोळायचे जिवाणू वाढवत. हे जिवाणू मुळांवर गाठी करून राहतात आणि हवेतला नत्र धरून रोपाला देतात. जिवाणूंचा हा वाण ताजा ठेवायला तो दर महिन्याला जुन्या नळीतून नव्या नळीत घ्यायचा, जुनी नळी उकळून धुवायची, आणि पेरणीआधी कोळशाच्या भुकटीत मिसळून पाकिटं भरायची. सगळा कारभार देवरे साहेबांचा. माणूस शिकलेला आणि सरळ, पण खालच्या माणसाचं ऐकायची सवय नव्हती.

चौऱ्याऐंशीच्या मे महिन्यात या नळ्या ठेवायचा फ्रीज बंद पडला. वर पत्रा, बाहेर चाळीस डिग्री. साहेबांनी नळ्या लाकडी कपाटात ठेवल्या. सुलाबाई म्हणाल्या, "सायेब, ओल्या वाळूत ठेवा. करपतील."

"जिवाणू आहेत ते, दही नाही," साहेब हसून म्हणाले.

सुलाबाईंच्या डोक्यात तिडीक गेली. त्या दिवशी उकळायला दिलेल्या नळ्यांतली एक त्यांनी उकळलीच नाही. ओल्या फडक्यात गुंडाळून घरी नेली आणि रांजणाखालच्या थंडगार वाळूत पुरून ठेवली.

जूनमध्ये फ्रीज आला. कपाटातले जिवाणू आगरवर, म्हणजे नळीतल्या त्यांच्या खाद्याच्या थरावर, झकास वाढले. ऑगस्टमध्ये साहेबांनी शेतातली माती भरलेल्या कुंड्यांत वाटाणा लावून बघितला, मुळांवर गाठी दिसल्या आणि पाकिटं भरायला सांगितलं. कुंड्या रिकाम्या करायचं काम अर्थातच सुलाबाईंचं. त्यांना दिसलं की जिवाणू न चोळलेल्या कुंडीतही तेवढ्याच गाठी आहेत. म्हणजे गाठी शेतातल्या मातीच्या, साहेबांच्या वाणाचा त्यात काय पराक्रम?

त्यांनी जाऊन सांगितलं. साहेब म्हणाले, "तुम्ही तुमचं काम बघा."

"बघते की," सुलाबाई म्हणाल्या, आणि दुसऱ्याच दिवशी कामाला लागल्या. नदीची वाळू धुतली, वाफेवर चांगली शिजवली, म्हणजे तिच्यात दुसरा कुठला जिवाणू उरायला नको. ती सलाइनच्या रिकाम्या बाटल्यांत भरून मागच्या खिडकीत दोन रांगा मांडल्या. एका रांगेत नव्या पाकिटातली भुकटी चोळलेलं वाटाण्याचं बियाणं, दुसरीत घरच्या नळीतले जिवाणू चोळलेलं.

तीन आठवड्यांनी पाकिटांचा ट्रक दारात उभा होता, तेव्हा सुलाबाईंनी साहेबांच्या टेबलावर कागद पसरला आणि दोन रोपं आडवी ठेवली. एक पिवळं पडलेलं, मुळं साफ उघडी. दुसरं हिरवंगार, मुळांवर गाठीच गाठी. नखानं एक गाठ फोडून दाखवली. आत लालसर रंग होता, काम करणाऱ्या गाठीचा.

साहेबांनी रोप उजेडाकडे धरून ती गाठ बघितली. मग खालच्या आवाजात सांगू लागले की गाठ करायची आणि नत्र धरायची विद्या या जिवाणूत एका वेगळ्या कड्यावर, बांगडीसारख्या गोल धाग्यावर, लिहिलेली असते. उन्हाच्या तापानं ते कडं गळून पडतं. जिवाणू जगतो, वाढतो, पोरंबाळंही होतात, पण विद्या गेलेली असते.

"म्हंजे गवंड्यानं थापी टाकून दिली, पण जेवायला वेळेवर हजर," सुलाबाई म्हणाल्या. "मंग आता ट्रक खाली करा."

"पेरणी तोंडावर आली आहे. यंदा जाऊ द्या. पाकिटानं नुकसान तर होणार नाही. तुमची नळी पुढच्या वर्षी वापरू."

"शेतकरी ह्याच्या भरवशावर खत टाकणार नाय. अन् हे रोप बघा कसं झालंय. हे नुकसान न्हाय तर काय?"

"सुलाबाई, उद्यापासून यायचं नसेल तर तसं सांगा."

घरी कमावणाऱ्या सुलाबाई एकट्याच होत्या. पण जीभ काही मागे हटेना. "न्हाय येत. नळीबी येणार नाय. अन् ही दोन्ही रोपं मी आत्ता बाहेर खिडकीला टांगते. पाकिटं न्यायला लोक येतीलच, त्यांना बघू द्या." त्यांनी रोपं उचलली आणि खरोखरच दाराकडे निघाल्या.

"थांबा," साहेब म्हणाले. मग त्यांनी ड्रायव्हर चंदरला हाक मारून ट्रक रिकामा करायला सांगितला. सगळी पाकिटं मागच्या खड्ड्यात जाईपर्यंत सुलाबाई काठावर उभ्या राहिल्या. मगच घरी जाऊन नळी आणली. नवी पाकिटं तेरा दिवस उशिरा गेली.

थंडीत वाटाणा जोमानं आला. शेतकऱ्यांचा मेळावा भरला, हारतुरे झाले. देवरे साहेब माइकवर म्हणाले, "कडक उन्हाळ्यातही आमच्या प्रयोगशाळेनं हा वाण प्राणपणानं जपला."

मागच्या रांगेतून सुलाबाई उठल्या. माइक नव्हता, पण त्यांना कधी लागलाही नव्हता.

"जपला मी. तुम्ही उकळायला सांगितला व्हता."

मंडपात सगळ्यांच्या माना मागे वळल्या. साहेबांचा चेहरा उतरला, हातातला कागद खाली आला. "खरं आहे," ते म्हणाले.

"मंग तसं सांगा," सुलाबाई म्हणाल्या, आणि साहेबांनी ते पुन्हा पहिल्यापासून सांगेपर्यंत उभ्याच राहिल्या.