लिटरला नऊ

माकुणसारच्या आत्मारामने फार माणसांशी वैर धरलं नाही. पण ज्याच्याशी धरलं, ते पानवेलीला खत घालावं तसं रोज थोडं थोडं घातलं. मुळाशी ओल कमी होऊ दिली नाही.

बोईसरच्या जितेशची पाळी आत्मारामच्या एकसष्टाव्या वर्षी आली.

जितेश जुन्या गाड्या विकायचा. पितृपंधरवड्यात गाडी कुणी घेत नाही, म्हणून आत्माराम नेमका त्याच दिवसांत गेला आणि अकरा वर्षं चाललेली पेट्रोलची गाडी पडत्या भावात घेऊन आला. लिटरला अठरा किलोमीटर कुठे गेले नाहीत, असं जितेशने सांगितलं होतं. आपल्या हुशारीवर आत्माराम खूश होता. पण पितरांच्या दिवसांत नवी वस्तू वापरायची नाही, हा घरचा रिवाज. गाडी वाडीत चिकूखाली, निळ्या ताडपत्रीत झाकून राहिली. घटस्थापनेला बायकोने, सुलूने, ओवाळली, झेंडूची माळ घातली, तेव्हा कुठे ती रस्त्यावर आली.

स्टिअरिंगमागच्या काट्यांच्या मधोमध एक पिवळा दिवा सतत पेटलेला असायचा. हा काय, म्हणून सुलूने विचारलं. जुन्या गाडीला असतोच, असं आत्मारामने ठणकावून सांगितलं, आणि डोळ्याला खुपतो म्हणून तिच्याच टिकलीने तो झाकून टाकला.

पालघरच्या पंपावर त्याने टाकी काठोकाठ भरली, बोईसरच्या दोन फेऱ्या केल्या, पुन्हा काठोकाठ भरली आणि भागाकार मांडला. नऊ. आठवड्याने पुन्हा मांडला. नऊच.

तो जितेशच्या दुकानी गेला. दारापुढच्या बाकावर नाक्यावरची चार माणसं रोज बसतात, ती बसली होती. जितेश हसत म्हणाला, "काका, गाडी बैलांसारखी हाकता की काय?" बाकावरचे चौघेही हसले.

आत्मारामचा बाप पानांच्या करंड्या बैलगाडीने सफाळे स्टेशनात पोचवायचा. त्याच्या पांढऱ्या जोडीच्या पाठीला कधी चाबूक लागला नाही. ओढ्यावर बैल पाणी पिऊन आपणहून मान वर करीपर्यंत बाप उभा राहायचा, मग आगगाडी चुकली तरी चालेल. त्या बापाला पंधरा दिवसांपूर्वी श्राद्धाचं पान वाढलं होतं आणि आज त्याच्या चालीला चौघे हसले. आत्माराम पाठ फिरवून निघाला. घरी येऊन सुलूला म्हणाला, "त्याच नाक्यावर, त्याच माणसांम्होरं त्याला चुकलो म्हणायला लावीन. तवर बोईसरचा चहा तोंडाला लावणार नाय."

मग रोज सकाळी पानं खुडून झाली की तो बॉनेट उघडायचा. चाकांतली हवा बघितली, बरोबर होती. एअर फिल्टर झटकला, मग नवाच घातला. प्लग बदलले. ब्रेक चाकाला धरून राहतात का, म्हणून सपाटीवर गाडी हाताने ढकलून पाहिली, लोण्यासारखी सरकली. एकेक शंका खोटी ठरली की दुसरा कुणी हिरमुसला असता. आत्माराम सुखावायचा. जे उरेल ते जितेशचं पाप. हळदीत, साखरपुड्यात तो हळूच विषय काढायचा, आणि केळव्याचा एक, सफाळ्याचे दोन, असे तिघे जितेशच्या दारातून माघारी फिरले. तिसऱ्याची बातमी आली त्या दिवशी त्याने तांदळाची एक भाकरी जास्त खाल्ली.

शेवटी पुरावा हवा म्हणून तो पालघरला झिपरूकडे गेला. झिपरू डोंगरातल्या पाड्यावरचा, लहानशा गाळ्यात गाड्या दुरुस्त करणारा, कामापुरतंच बोलणारा. काय फसवलंय ते शोध आणि कागदावर लिहून दे, असं आत्मारामने बजावलं.

झिपरूने सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवलं. बोट काळंकुट्ट झालं. मग आत बसून त्याने नखाने टिकली उचलली, आत्मारामकडे एकदाच बघितलं, आणि इंजिनाच्या मागे हात घातला. मुठीत उंदराचं घरटं आलं. निळ्या ताडपत्रीच्या चिंध्या, गोणपाटाचे दोरे, चिकूच्या चार काळ्या बिया. त्याच्यामागे एक वायर कुरतडलेली. धूर कसा निघतो ते इंजिनाला कळवणारी ती वायर. ती तुटली की इंजिन आंधळं होतं आणि नको तितकं पेट्रोल पितं.

"ह्यो उंदीर बोईसरचा नाय, काका," झिपरू म्हणाला. "तुमच्या वाडीतला हाय. लिवू कागदावर?"

वायर जोडल्यावर गाडी साडेअठरावर गेली. पाच दिवस आत्मारामने बॉनेट उघडलं नाही. आता झालं ना, मिटवा, असं सुलू म्हणाली. तो म्हणाला, "गाडीचं मिटलं. हसण्याचं ऱ्हायलंय." मात्र आपलं अंग मळकं ठेवून दुसऱ्याला धुता येत नाही, एवढं त्याला कळत होतं.

सहाव्या दिवशी, कारखान्यांची पाळी सुटायच्या वेळेला, तो जितेशच्या दारात उभा राहिला. चौघे बाकावर होते. त्यांच्यासमोर त्याने मोठ्याने सांगितलं की गाडी चोख आहे, उंदीर माझ्या वाडीचा होता, आणि मी तुझी तीन गिऱ्हाईकं मोडली तीही खोट्याने. जितेश फुलला. चला काका, चहा घेऊ, म्हणाला.

"आधी बस," आत्मारामने गाडीचं दार उघडलं. "कशी चालते बघ."

त्याने पहिला गिअर टाकला आणि त्यातच ठेवला. मागे कंपन्यांच्या बसेस तुंबल्या, रिक्षा तुंबल्या. हॉर्न कोकलायला लागले. "अरे चाचा, बैलगाडी है क्या?" एकाने विचारलं. रिक्षावाल्यांनी आत वाकून बघितलं आणि जितेशला ओळखलं.

"काका, दुसरा टाका ना. लोक बघतायत."

"बैलांसारखी हाकतोय. तूच बोललास." आत्मारामची नजर सरळ होती. "उतरायचं तर उतर. चालत्या बैलगाडीतून उतरता येतं."

पण स्वतः विकलेल्या गाडीतून सगळ्या नाक्यादेखत उडी कोण मारणार? गाडी बापाच्या चालीने नाका फिरून दुकानापुढे आली आणि रस्त्याच्या मधोमध थांबली. बाकावरचे चौघे उठून उभे राहिले.

"चुकलो, काका," जितेश खालच्या आवाजात म्हणाला.

"ऐकू नाय आलं. मागं हॉर्न वाजतायत."

दुसऱ्यांदा ते चौघांनाही ऐकू गेलं.

मग आत्मारामने गाडी कडेला लावली आणि त्याच बाकावर बसून, बशीत ओतून, फुंकर घालत चहा घेतला. पहिल्या गिअरमध्ये त्या दिवशी पेट्रोल किती जळलं, याचा भागाकार त्याने कधी मांडला नाही.