आखूड बाहीचं जाकीट

माझ्या सासूला मी आई म्हणत नाही, बाई म्हणते. सातवीत त्यांनी मला विणकाम शिकवलं, तेव्हापासून त्या बाई, आणि आमचं वैरही तेव्हापासूनचं. लग्न त्यांच्या मुलाशी केलं. त्या बरोबर येणार हे मला दोन खोल्यांचं घर बघितल्यावर उमगलं.

बाईंनी एकतीस वर्षं शाळेत मुलींना छळलं. पाठीमागून मुली त्यांना उसवणबाई म्हणायच्या. बाई रबरी चपला घालायच्या, त्यामुळे त्या कधी मागे येऊन उभ्या राहिल्या ते कळायचं नाही. विणलेल्या तुकड्यावरून अंगठा फिरवायच्या. एखादा खांब, म्हणजे उभा टाका, गाळलेला असला की अंगठा नेमका तिथे थांबायचा, आणि पुढच्या क्षणी आठवड्याचं काम सुर्रकन दोरा होऊन बाकावर पडायचं. "चूक झाकायची नसते. चुकीपर्यंत खाली उतरायचं असतं," असं वर ऐकवायच्या. माझा रुमाल त्यांनी नऊ वेळा उसवला. दहाव्यांदा मी तो दिलाच नाही. विणकामात नापास झालेली त्या वर्षीची मी एकटीच.

निवृत्त झाल्या तरी सुंभ जळला, पीळ कायम. उशांचे अभ्रे उलटे करून शिवण बघतात. दूधवाल्याला दारात थांबवून त्याच्यासमोर दूध मोजून घेतात. घरात जुनं काही टिकत नाही, कारण उसवता येईल ते सगळं त्यांनी उसवलंय. माझ्या नवऱ्याच्या पहिल्या जाकिटाची टोपी झाली, टोपीचे मोजे झाले, आणि आता ती लोकर चहाच्या किटलीवर बसते. त्याच्या लहानपणाची घरात तेवढीच खूण, तीही डागाळलेली.

म्हणून सातव्या महिन्यात मी ठणकावून सांगितलं, "बाई, बाळाचं जाकीट मी करणार. तुम्ही हात लावायचा नाही."

"मला काय हौस आलीय?" बाई म्हणाल्या.

मी छापखान्यात मुद्रितं तपासते. दिवसभर लोकांच्या चुका काढायच्या आणि जेवणाच्या सुट्टीत क्रोशाची सुई घेऊन बसायचं, असं दीड महिना चाललं. पिवळी लोकर होती. उजवी बाही दोन ओळींनी आखूड झाली. मला दिसत होतं, मी आंधळी नाही. पण मी सुरू केलेलं आणि मीच पुरं केलेलं असं ते पहिलंच विणकाम होतं. मी ते दवाखान्याच्या पिशवीसाठी घडी करून ठेवलं.

मुलगा झाला. चौथ्या दिवशी घरी जायचं म्हणून नवरा पिशवी घेऊन आला. आत पिवळं जाकीट होतं, दोन्ही बाह्या तंतोतंत सारख्या. हात कोणाचा ते मला एका नजरेत कळलं. मी तिकडे कळा देत होते, तेव्हा ही बाई इकडे माझं जाकीट उसवत होती! तळपायाची आग मस्तकात गेली. नवऱ्याकडे बघितलं, तर तो पिशवी आवरायला लागला. नर्स म्हणाली, "किती सुबक!" मी बाळाला टॉवेलमध्ये गुंडाळलं आणि तसंच घरी आणलं.

बाई दारातच होत्या. त्यांनी आधी टॉवेल बघितला, मग नातू.

"जाकीट कुठाय? वारा आहे."

"कोणाचं?"

"बाही आखूड होती गं. चूक दिसल्यावर ठेवायची कशी?"

"माझी होती ना ती? मला ठेवायची होती!"

बाळ नवऱ्याच्या हातात देऊन मी पिशवीतलं जाकीट काढलं आणि पलंगावर बसले. बाई शेवटचं टोक कुठे दडवतात ते मला ठाऊक होतं, त्यांनीच शिकवलं होतं. कात्रीनं गाठ कापली आणि ओढायला लागले. आधी बाह्या गेल्या, मग गळा गेला. त्यांनी ओरडावं, रडावं, नऊ वेळा उसवलेल्या रुमालाचं उट्टं फिटावं, एवढंच मला हवं होतं. बाईंचा चेहरा उतरला. दुखरे गुडघे धरत त्या खाली बसल्या, दोरा उचलला आणि गुंडा करायला लागल्या.

"हळू ओढ. तुटेल."

"शिकवू नका."

"बरं."

नवं जाकीट मी त्यांच्यासमोर बसून विणलं. बाळ त्यांच्या मांडीवर असायचं. उजव्या बाहीत एक खांब गळला, तो मला दिसायच्या आधी त्यांना दिसला. त्यांचा हात पुढे आला. मी सुई ताठ धरली आणि बघत राहिले. हात बराच वेळ तसाच राहिला, मग बाळाच्या पाठीवर गेला. मी पुढची ओळ घेतली.

मुलानं ते जाकीट सगळा हिवाळा घातलं. येणाऱ्याजाणाऱ्याला बाई सांगायच्या, "त्याच्या आईनं केलंय. उजव्या बाहीत चूक आहे." दर वेळी माझ्या कपाळाची शीर उठायची.

मग ते त्याला होईना, आणि एक दिवस कपाटातून नाहीसं झालं. मला वेगळं सांगायला नको होतं. टोपी झाली असणार. बाई दळण आणायला गेल्या होत्या, तेवढ्यात मी त्यांची ट्रंक उघडली, दोरा सापडला की तोंडावर फेकायचा म्हणून.

सगळ्यांत खाली, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं जाकीट होतं. अख्खं. गळलेला खांब जागच्या जागी गळलेला. बाहीला टाचणीनं चिठ्ठी लावलेली होती, लाल शाईत, शाळेतल्यासारखी: माझं नाव, खाली 'उजवी बाही, सातवी ओळ, एक खांब कमी', आणि त्याखाली शंभरपैकी अडतीस.

आमच्या शाळेत पस्तीसला पास करायचे.

मी सगळं होतं तसं ठेवलं. बासष्ट मार्क कशाचे कापले, ते अजून विचारलेलं नाही. विचारलं तर बाई सांगतील.