फ्रेमवाल्यांचं हसू

फ्रेमवाल्यांचं हसणं चारचौघांसारखं नव्हतं. आधी नुसते खांदे हलायचे, तोंडातून हूं की चूं नाही. मग गच्च बसलेलं झाकण उडावं तसा एकदम मोठा आवाज फुटायचा, आणि शेवटी श्वास आत ओढताना बारीकशी शिट्टी वाजायची. ती शिट्टी ऐकून समोरच्याला हसू यायचं आणि त्याला हसताना बघून यांचं पुन्हा सुरू. दोघं नवराबायको दुकानात असले की हे असं कितीतरी वेळ चालायचं. गिऱ्हाईक काचेबाहेर ताटकळत उभं.

दुकान विद्यापीठामागच्या चढावर होतं. तिथून पुढे चित्रकारांची वस्ती. गाव असं, की रस्त्यात भेटणाऱ्या दर तिसऱ्या माणसाच्या पाठीवर गिटार नाहीतर खांद्यावर कॅमेरा. अर्धी मुलं नाटक करणारी, उरलेली त्या नाटकावर लिहिणारी. खाली नदीकाठी वाहिन्यांच्या, रेडिओच्या, वर्तमानपत्रांच्या इमारती. शिकून बाहेर पडलेली पोरं त्यांत शिरायला धडपडायची आणि जमलं नाही तर चढावरच्या कॉफीच्या दुकानांत एका कपावर दिवस काढत 'सध्या स्वतःचं काहीतरी करतोय' म्हणून सांगायची. या दोघांनी त्या सगळ्यांची चित्रं मढवली. फ्रेमवाले लाकूड कापायचे, कोपरे जुळवायचे. बाई काच पुसायच्या आणि चित्राला नावं ठेवायच्या. "अहो, हे उलटं तर धरलं नाही ना आपण?" हा त्यांचा नेहमीचा प्रश्न. तोही चित्रकार दाराबाहेर पडायच्या आत.

मूलबाळ नव्हतं. पण त्याची उणीव भासू नये इतकी मुलं दुकानात यायची-जायची. त्यातली एक गोष्ट मात्र दोघांच्या फार उशिरा लक्षात आली. ही मुलं शिकायला यायची, शिकून निघून जायची, आणि त्यांच्या जागी तेवढीच कोवळी नवी मुलं यायची. गाव कायम विशीतच राहिलं. म्हातारी झाली ती ही दोघंच.

पुढे फ्रेमवाल्यांचा हात थरथरायला लागला. कोपऱ्यांत फट दिसू लागली. फट राहिलेली फ्रेम गिऱ्हाइकाला देणं त्यांच्या जिवावर यायचं, म्हणून त्यांनी दुकान विकलं. तिथेही कॉफीचंच दुकान आलं, दुसरं काय येणार? दोघं घरी बसली आणि आठवड्याभरातच एकमेकांवर खेकसायला लागली.

तेव्हा बाईंना कोणीतरी सांगितलं, की वाहिनीच्या स्टुडिओत गप्पांच्या कार्यक्रमाला समोर बसायला माणसं लागतात. चहा मिळतो, येण्याजाण्याचे थोडे पैसे मिळतात, आणि काम काय, तर सांगतील तेव्हा टाळ्या वाजवायच्या.

"फुकटच्या टाळ्या मी नाही वाजवणार," फ्रेमवाले म्हणाले.

"मग नका वाजवू. मांडीवर हात ठेवून बसा. घरी तरी वेगळं काय करता?"

गेले. स्टुडिओ बघून दोघांची निराशाच झाली. टीव्हीवर राजवाड्यासारखा दिसणारा तो दिवाणखाना प्लायवूडचा होता, आणि बाजूने बघितलं तर मागच्या काठ्या दिसत होत्या. समोर पायऱ्यांसारख्या चढत्या बाकड्यांवर पब्लिक. पब्लिकच्या पुढ्यात, कॅमेऱ्याला दिसणार नाही अशी, एक उंच बाई उभी असायची. तिने हात वर केला की टाळ्या, तळवा फिरवला की हशा, मूठ आवळली की सगळं गप्प. तिला सगळे टाळीबाईच म्हणायचे, आणि तीही त्या नावाला ओ द्यायची.

त्या दिवशी पाहुणे म्हणून एक मोठे कवी आले होते. केस खांद्यावर, गळ्यात लोकरी पट्टा, बोलणं अगदी सावकाश. माणसाच्या एकटेपणावर ते बोलत होते. एक वाक्य झालं की डोळे मिटायचे आणि दुसरं सापडेपर्यंत मिटलेलेच ठेवायचे. स्टुडिओत टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता. तेवढ्यात बाई फ्रेमवाल्यांच्या कानाशी वाकल्या आणि काहीतरी पुटपुटल्या.

फ्रेमवाल्यांचे खांदे हलायला लागले. त्यांनी ओठ दाबले, नाक दाबलं, पण झाकण उडालंच. शिट्टीसुद्धा वाजली. कवींनी डोळे उघडले. टाळीबाईने मूठ आवळली, दोन्ही मुठी आवळल्या, काही उपयोग झाला नाही. अख्खं पब्लिक हसायला लागलं होतं. शेवटी कवीही हसले. मुलाखत घेणारा म्हणाला, "चला, एकटेपणावर कोणीतरी इलाज काढला!"

कार्यक्रम संपल्यावर गळ्यात हेडफोन अडकवलेला, केसांची शेंडी बांधलेला साउंडवाला धावत आला. "काका, तुमचं हसू मी जपून ठेवणार आहे. असं सोनं रोज मिळत नाही."

"ठेवा की," फ्रेमवाले ओशाळून म्हणाले. तो असंच काहीतरी गोड बोलतोय, असं त्यांना वाटलं.

त्यानंतर दोघं नेमाने जाऊ लागली. पण पुढच्या थंडीत बाईंना ताप आला, छातीत कफ भरला, आणि दवाखान्यातून त्या घरी आल्याच नाहीत. सगळं इतकं भराभर झालं, की फ्रेमवाल्यांना नीट घाबरायलाही सवड मिळाली नाही.

मग घर खायला उठलं. दोन खोल्यांचंच घर, पण त्यात माणसाचा आवाज नसला की किती लांबरुंद होतं ते त्यांना कळलं. सकाळी दूधवाल्याशी दोन शब्द, दुपारी पावाच्या दुकानात एक, की दिवसाचं बोलणं संपलं. कधी कधी संध्याकाळी घसा खाकरला तर आवाज फुटायचा नाही. ते स्टुडिओत जात राहिले, कारण तिथे शेजारी कोणीतरी बसतं. हात वर झाला की टाळ्या वाजवायचे. तळवा फिरला की दात दाखवायचे. कॅमेऱ्याला तेवढं पुरे होतं.

एके दुपारी ते पलंगावर पडले होते. वरच्या मजल्यावर सिनेमा शिकणाऱ्या पोरांचं बिऱ्हाड होतं, त्यांचा टीव्ही लागलेला. फ्रेमवाल्यांचा डोळा लागत होता, आणि तेवढ्यात छतातून त्यांना स्वतःचं हसू ऐकू आलं. फुटलेला आवाज आणि मागून शिट्टी. ते ताडकन उठून बसले. आपल्याला वेडबीड लागलं की काय! थोड्या वेळाने पुन्हा तेच हसू. मग आणखी एकदा, सोबत पन्नासेक माणसांचा हशा मिसळून.

साउंडवाल्याने खरोखरच ते जपून ठेवलं होतं. जिथे पब्लिक थंड पडायचं तिथे तो ते पेरायचा. गप्पांत, विनोदी मालिकेत, लहान मुलांच्या कोड्यांच्या कार्यक्रमात. एकदा कानाला लागल्यावर फ्रेमवाल्यांना ते जिथे तिथे ऐकू येऊ लागलं. न्हाव्याकडे, कॉफीच्या दुकानाच्या उघड्या दारातून, दवाखान्यात नंबर लागायची वाट बघताना. अख्ख्या गावात ते पोट धरधरून हसत होते आणि घरी कुलूप उघडताना किल्लीचा आवाज तेवढा सोबतीला.

दूरच्या गावी राहणाऱ्या धाकट्या बहिणीचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. "दादा, तू होतास ना रे काल टीव्हीवर? दिसला नाहीस, पण मी ओळखलं. ह्यांना म्हटलं, हे आमच्या दादाचंच हसू. माझा जीव भांड्यात पडला बघ. वहिनी गेल्यापासून मला नुसता घोर लागला होता. हसायला लागलास, बरं झालं."

फ्रेमवाल्यांच्या जिभेवर खरं काय ते आलं होतं. पण ती इतकी खूश होती, की ते म्हणाले, "हो. बरं चाललंय माझं."

दर आठवड्याला फोन करणारी ती त्यानंतर महिन्यातून एकदा करायला लागली. तिचंही बरोबरच होतं. हसणाऱ्या माणसाची कोण कशाला काळजी करील?

त्या हसण्याचा त्यांना राग नव्हता. उलट ते ऐकू आलं की क्षणभर बाई शेजारी बसल्यासारख्या वाटायच्या. पण एक दिवस पाव घेऊन येताना ते रस्त्यातच थबकले. त्या दिवशी स्टुडिओत ती कानात काय म्हणाली होती, तेच त्यांना आठवेना. कवींच्या गळपट्ट्याबद्दल होतं? मिटलेल्या डोळ्यांबद्दल? तिचा श्वास कानाला लागला होता तो आठवत होता, शब्द मात्र पार पुसले गेले होते. घरी येऊन ते खुर्चीवर, पलंगावर, खिडकीत बसून आठवून बघत राहिले. तिच्या आवाजात एकेक वाक्य मनात म्हणून पाहिलं. एकही तिचं वाटेना.

शेवटी त्यांनी साउंडवाल्याला गाठलं. काचेच्या खोलीत तो खुर्चीत मागे रेलून केक खात होता.

"तुम्ही माझं हसू घेतलंत ना, त्याच्या आधीचं थोडंसं आहे का हो?"

"आधीचं म्हणजे?"

"माझी बायको काहीतरी बोलली होती. त्यावर मी हसलो होतो."

साउंडवाल्याने केक खाली ठेवला. काकू नाहीत हे त्याला ठाऊकच नव्हतं. पब्लिकमधलं कोण येतं, कोण यायचं थांबतं, कोणाला कळतंय? तो कपाट उघडून जुन्या डिस्क उपसत बसला. फ्रेमवाले स्टुलावर हात मांडीवर ठेवून बसून राहिले. बऱ्याच वेळाने साउंडवाल्याने हेडफोन त्यांच्या डोक्यावर चढवले.

कवींचा सावकाश आवाज आला. मग शांतता. मग कुठेतरी खुर्ची करकरली. आणि मग, अगदी लांबून, कोरडी पानं हलावीत तसं सुस्, सुस्. त्यात शब्द नव्हता. माणसाचा आवाजही म्हणवत नव्हता. आणि लगेच त्यांचं हसू.

"अजून मोठं करा."

साउंडवाल्याने आवाज वाढवला. पानं मोठी झाली, शब्द झाले नाहीत. त्याने बटणं फिरवली, इकडचं कापलं, तिकडचं उचललं, सगळे उपाय करून बघितले. "काका, माइक वर टांगलेला होता," तो हळूच म्हणाला. "त्या तुमच्या कानात बोलल्या ना. ते फक्त तुमच्यापुरतंच होतं."

फ्रेमवाल्यांनी हेडफोन काढून नीट गुंडाळून टेबलावर ठेवले.

"हे हसू वापरणं बंद करू का मी?" साउंडवाल्याने विचारलं. "तुम्ही म्हणाल तर आजपासून."

फ्रेमवाल्यांनी विचार केला. "नको. असू द्या. पब्लिक थंड पडतं तेव्हा फार वाईट दिसतं."

घरी आल्यावर त्यांनी आपणहून बहिणीला फोन लावला. "तुला एक सांगायचंय. टीव्हीवरचं ते हसू जुनं आहे गं. साठवलेलं. ती असतानाचं. एक लांब केसांचे कवी डोळे मिटून एकटेपणावर बोलत होते, तेव्हा ती माझ्या कानात काहीतरी म्हणाली, त्यावरचं."

मग बहीण म्हणाली, "आणि आता?"

"आता नाही हसत मी."

"मग मला सांगायचं नाहीस होय रे? एवढे दिवस मी वेड्यासारखी..." नाक ओढून ती म्हणाली, "काय म्हणाली होती वहिनी?"

"तेच तर आठवत नाही."

"त्या कवीचे केस खोटे आहेत असं म्हणाली असेल."

"छे. तिने त्याचे केस बघितलेसुद्धा नसतील."

"मग म्हणाली असेल, हा झोपला की काय, उठवा त्याला."

"तसंच काहीतरी. पण तसं नाही."

बहीण बराच वेळ तर्क लढवत राहिली आणि फ्रेमवाले एकेक खोडत राहिले. एकही बरोबर नव्हता. पण फोन ठेवताना त्यांच्या लक्षात आलं, की बाहेरचा दिवस मावळून दिवे लागलेत आणि आपला घसा बोलून बोलून दुखतोय. बहीण म्हणाली, "रविवारी करते फोन. आणि बरं चाललंय म्हणालास तर बघ."

पुढच्या वेळी ते स्टुडिओत गेले तेव्हा शेजारी एक नवी बाई येऊन बसली. वयाने त्यांच्यापेक्षा बरीच लहान. हाताला साबणाचा वास आणि पायांत कामावरचे रबरी बूट. कामाची पाळी संपवून थेट इथेच आली असावी. ना ओळख ना देख. दिवे लागले, पाहुणे आले, चूक झाली म्हणून पुन्हा आले, मग दिवा उडाला म्हणून सगळे थांबले. पब्लिक कंटाळलं. बाईची मान डुलायला लागली, आणि हळूहळू तिचं डोकं फ्रेमवाल्यांच्या खांद्यावर येऊन टेकलं. तिला गाढ झोप लागली.

फ्रेमवाले आधी आक्रसले. लोक काय म्हणतील? पण लोक आपापल्या फोनमध्ये होते. कितीतरी महिन्यांत कुणाचं वजन त्यांच्या अंगावर पडलं नव्हतं. डोकं चांगलं जड होतं, आणि गरम.

दिवे पुन्हा लागले. पाहुणे काहीतरी बोलले आणि टाळीबाईने हात वर केला. सगळीकडे टाळ्यांचा कडकडाट झाला. फ्रेमवाल्यांनी हात मांडीवरून उचललेच नाहीत. उचलले असते तर खांदा हलला असता. टाळीबाईने त्यांच्याकडे रोखून बघितलं, भुवया उडवल्या, हात आणखी उंच केला. फ्रेमवाल्यांनी तिला मानेनेच, अगदी बारीक, नाही म्हटलं, आणि डोळ्यांनी खांद्याकडे दाखवलं.

टाळीबाईने बघितलं. मग तिने वर केलेला हात हळूहळू खाली घेतला.