मिशीतून निसटणारी हवा

अमरावतीच्या डॉक्टरांनी रिपोर्ट माझ्याऐवजी बायकोपुढे सरकवला. "काकू, तुमचे यजमान झोपतात असं सगळ्यांना वाटतं. ते झोपत नाहीत. झोपेत गुदमरतात."

सुमनने नुसती मान हलवली. तिला हे कोणी सांगायची गरज नव्हती. माझं घोरणं मध्येच थांबलं की पुढचा श्वास येईपर्यंत ती उठून बसायची, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

मग डॉक्टर माझ्याकडे वळले. "यावर मास्क आहे. रोज झोपताना लावायचा. पण मिशी काढावी लागेल."

आजाराचं नाव ऐकून मी घाबरलो नव्हतो, या वाक्यानं घाबरलो. माझे वडील जिवंत होते.

ज्यांच्या घरी कोणी जोरात घोरतं आणि बाकीचे हसतात, त्यांच्यासाठी मी हे लिहितो आहे. आमच्या घरीही हसायचे. मी तर त्यात मोठेपणा मानायचो.

आजाराचं नाव ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अ‍ॅप्निया. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात आणि श्वासाची वाट बंद होते. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू दचकून माणसाला अर्धवट जागं करतो, वाट उघडते, डोळा लागतो, पुन्हा वाट बंद. रात्रभर हेच चालतं आणि माणसाला सकाळी काहीच आठवत नाही. दिवसभर मात्र डोळे मिटत राहतात.

मी तेव्हा अकोल्याजवळच्या एका कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होतो. गाडीतल्या कापसात हात घालायचा, धागा ओढून बघायचा, ओल बघायची आणि ग्रेड सांगायची. ती वर्षं वाईट होती. कापसाला भाव नव्हता, गाड्यांची रांग थेट रस्त्यावर जायची आणि माझ्या तोंडून काय निघतं याकडे माणसं देवाकडे बघावं तशी बघायची. अशात एकदा मी हात कापसात ठेवून उभ्या उभ्या झोपलो.

"साहेब," गाडीवाला म्हणाला, "कालपासून रांगेत आमी उभे, अन् झोप तुमाले लागून राह्यली?"

मागून कोणीतरी म्हणालं, "सकायीच घेऊन येते वाटते बापा."

मी आयुष्यात दारूला शिवलो नाही. पण काय सांगणार होतो? मला झोप का येते हे मलाच कळत नव्हतं. डोळ्यांवर पाणी मारून मारून पापण्या सुजल्या होत्या. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी आधी साखर तपासली, मग थायरॉइड, मग अमरावतीला स्लीप स्टडीसाठी पाठवलं. म्हणजे अंगाला, डोक्याला वायरी चिकटवून रात्रभर तुमच्या झोपेवर पहारा ठेवायचा. रात्रभर कोणी आपल्याकडे बघत असताना झोप कशी लागेल, अशी मला काळजी होती. पाठ टेकताच लागली.

अकोल्याला यंत्र आलं. त्याला सीपॅप म्हणतात. ते नळीतून एकसारख्या दाबानं हवा सोडतं, त्यामुळे घशाची वाट उघडी राहते. यंत्र गुणी होतं. छळलं ते मास्कनं.

विक्रेत्याकडे तेव्हा दोनच प्रकार होते. एक नाकतोंड दोन्ही झाकणारा. तो लावला की मला कोणी उशीखाली दाबून धरल्यासारखं व्हायचं. दोन मिनिटांत ओरबाडून फेकायचो. दुसरा फक्त नाकावर बसणारा, त्याची खालची कड वरच्या ओठावर टेकायची. माझ्या वरच्या ओठावर माझी मिशी होती. चांगली जाड, टोकं गालापर्यंत गेलेली. केंद्रावर मला माझ्या नावानं कमी आणि 'मिशीवाले साहेब' म्हणूनच जास्त ओळखत.

सिलिकॉनची ती कड केसांवर बसेना. केसांतून हवा सूं करत निसटायची आणि नेमकी डोळ्यांत जायची. पट्टे आवळले की नाकाच्या हाडावर जखम व्हायची, सैल सोडले की पुन्हा सूं. त्यात अकोल्याचा उन्हाळा. कूलरसमोर पडूनही तोंडाला घाम, आणि घामावर मास्क सरकत सरकत कानाकडे जायचा. लोडशेडिंगमध्ये यंत्र बंद पडलं की मी नाक झाकलेल्या अवस्थेत धडपडून उठायचो, पट्ट्याचं बक्कल सापडायचं नाही. इन्व्हर्टर घेतला, पण ती धास्ती गेली नाही. गिळलेल्या हवेनं पोट फुगायचं, ते निराळंच.

शेवटी सुमन माझ्या ओठावर तळवा दाबून निजू लागली. तिचा डोळा लागला की हात घसरायचा आणि हवा सुटायची. एका पहाटे ती वैतागून म्हणाली, "मी काय आता जलमभर तुमची मिशी दाबून बसू का?" आणि म्हणता म्हणता रडायला लागली. मी मास्क लावूनच तिच्याकडे बघत राहिलो. मास्कमध्ये माणसाला धड बोलताही येत नाही.

आता तुम्ही म्हणाल, एवढं होतं तर काढायची होती मिशी. आमच्यात बापाच्या मागे मुलाची मिशी उतरते. बाप असताना नाही. ज्याचा ओठ उघडा, त्याचा बाप गेला, हे गावात कोणी बोलून दाखवत नाही, बघूनच समजतं. आबाजी, म्हणजे माझे वडील, ऐंशीच्या पुढे होते आणि गावी एकटे राहत होते. स्वतःची पांढरी मिशी रोज तेलाचं बोट लावून नीट करायचे. माझ्या हातानं मी त्यांना जिवंतपणी मारायचं का?

मी पळवाटा शोधल्या. टोकं कापली. मग सगळीच बारीक करून घेतली, तर खुंट सिलिकॉनला टोचून आणखीच हवा जायला लागली. मधे कापसाचा पेळू ठेवून पाहिला. जन्म कापसात गेला, पण तिथं कापूसही कामी आला नाही. पायांवर सूज दिसायला लागली, रक्तदाब गोळ्यांना ऐकेना. पुन्हा अमरावती.

डॉक्टरांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे विचारलं, "वडिलांचं वय काय?"

मी सांगितलं.

"त्यांच्याआधी जायचं आहे का तुम्हाला?"



तेवढ्यात आबाजींच्या मोतीबिंदूचं ठरलं. मूर्तिजापूरला माझ्या धाकट्या बहिणीकडे, शोभाकडे, राहून एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. त्यावर पट्टी आणि दुसरा डोळा धूसर. मला वाटलं, हीच वेळ. त्यांना दिसणार नाही आणि मी गावाकडे फिरकणार नाही. पुढचं पुढं. न्हाणीत दार लावून मीच वस्तरा फिरवला. आरशातला माणूस मला अजिबात आवडला नाही.

त्या रात्री मास्क बसला. सूं नाही, काही नाही. जाग आली तेव्हा खिडकीत ऊन होतं आणि शेजारी सुमन गाढ झोपली होती. तिला इतकं निवांत झोपलेलं मी किती वर्षांनी बघत होतो, देव जाणे.

मात्र आठवड्याच्या आतच शोभाचा फोन आला. "आबाजी म्हणतात, मिरगाच्या आधी वावराची वखरणी झाली का ते पाहून ये. दुसऱ्या कोनावर भरोसा नाही."

आमचं गाव हिवरखेडच्या अलीकडे. मी तोंडाला दुपट्टा गुंडाळून निघालो. मे महिन्यात आमच्याकडे अर्धी माणसं डोळे तेवढे उघडे ठेवून फिरतात, त्यामुळे कोणाला शंका येणार नव्हती. फाट्यावर उतरलो आणि पाणी प्यायला दुपट्टा खाली केला. समोर रहीमभाईचा पानठेला. आबाजींची सकाळची बैठक तिथंच असायची.

रहीमभाईनं माझ्या ओठाकडे पाहिलं. हातातलं पान खाली ठेवलं. ठेल्याची फळी पाडली आणि येऊन माझा हात धरला. "भाऊ, कवा झालं?"

"काय कवा?"

त्यानं आवाज खाली आणला. "दवाखान्यातच गेले ना? औषध तं नाही घेतलं?"

त्या वर्षांत आमच्या भागात कोणाच्याही मरणाबद्दल हा प्रश्न आधी यायचा. औषध म्हणजे फवारणीचं. ऐंशीच्या म्हाताऱ्याबद्दलही तो विचारावा लागावा, याचं मला त्या उन्हात एकदम रडू आलं. ते बघून रहीमभाईची खात्रीच पटली.

"नाही हो, आबाजी खुशाल हायेत! मूर्तिजापूरले हायेत."

"होते असं, भाऊ," माझ्या पाठीवरून हात फिरवत तो म्हणाला. "पयले पयले खरं नाही वाटत."

मी घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. ओसरीवर माणसं खाली माना घालून बसलेली, शेजारच्या कौसल्याकाकूंनी गळा काढलेला. मी ओरडून सांगतोय आणि कोणी ऐकत नाही. माझा चुलतभाऊ रमेश याने शोभाला धीर द्यायला मूर्तिजापूरला फोन लावला. शोभा भाजी आणायला गेली होती. फोन आबाजींनी उचलला.

"मीच बोलून राह्यलो," ते म्हणाले. "काहून? कोन गेलं?"

रमेशनं फोन माझ्या हातात कोंबला.

"वसंता, ते कौसल्या काहून रडून राह्यली?"

"आबाजी," मी म्हणालो, "मी मिशी काढली."

 आबाजी म्हणाले, "वखरणी पाय, अन् मंग इकडं ये."

मूर्तिजापूरला मी त्यांच्या खाटेजवळ जमिनीवर बसलो. त्यांनी चाचपडत माझा चेहरा शोधला आणि ओठावरून बोटं फिरवली, एकदा इकडून, एकदा तिकडून. मी सगळं सांगितलं, कापसातली झोप, सुमनचा तळवा, डॉक्टरांचा प्रश्न. ते म्हणाले, "झोप इथं. यंत्राबिगर झोप."

भर दुपारी मी त्यांच्या खाटेवर झोपलो. माझ्या छातीवर त्यांचा हात होता, हे शोभाने नंतर सांगितलं. श्वास थांबला तेव्हा ते "वसंता!" असे काही ओरडले की शेजारची माणसं धावत आली. मग त्यांनी मला मास्क लावायला लावला, आणि मी उठेपर्यंत हात तसाच ठेवून बसून राहिले.

मी उठल्यावर त्यांचा पहिला प्रश्न, "कोन कोन आल्तं?"

मी नावं सांगितली.

"कौसल्या खरी रडली का उगंच?"

"खरी."

ते खूश झाले. मग थोड्या वेळानं म्हणाले, "मी गेल्यावर काढली असती तं मले काय दिसली असती? पट्टी निघू दे. पायतो."

पट्टी निघाली तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरांनी विचारलं, "आबाजी, काय दिसतंय?"

"पोराले मिशी नाही, ते दिसते," आबाजी म्हणाले. "चांगला नाही दिसत. पन हाय समोर."

हे सगळं वाचून मास्कची सवय सहज होते असं समजू नका. महिने लागतात. दिवसा जागेपणी, पेपर वाचताना तो लावून बसायचं, म्हणजे भीती मोडते. पट्टे आवळायचे नाहीत, माप बदलून मागायचं. विक्रेता कुरकुर करेल, करू द्या. आता नाकपुडीशी बसणारे लहान मास्कही मिळतात, कदाचित तुमची मिशी वाचेलही. आणि जी शेजारी जागी राहते, तिला कधीतरी विचारा की तू झोपलीस का.

पुढे आबाजींची फुप्फुसं थकली. अकोल्याच्या दवाखान्यात त्यांनाही मास्क लावला. ते तो ओढून काढायचे, अगदी माझ्यासारखेच. त्यांच्या पांढऱ्या मिशीतून हवा निसटत होती. नर्सनं विचारलं, मिशी काढायची का? मी आबाजींकडे पाहिलं. त्यांनी मानेनंच नाही म्हटलं. मग मी त्यांच्या ओठावर तळवा दाबून बसलो. सवय होईल, असं त्यांना सांगावंसं वाटत होतं. पण सवय व्हायला दिवस लागतात, आणि तेवढे दिवस उरले नव्हते. हात दाबून धरण्यापलीकडे मला काही म्हणजे काही करता येत नव्हतं.

त्या दिवसांत एक विचार येऊन गेला. आपण मिशी वाढवायला घ्यावी, निदान उतरवायला तरी काही असेल. पण वाढवायची म्हणजे त्यांच्या जाण्याची वाट बघायची. मी रोज दाढीबरोबर ओठ साफ करत राहिलो.

आबाजींच्या दहाव्याला नदीवर भावकी बसली. सदाभाऊ न्हाव्यानं रमेशची मिशी उतरवली, दुसऱ्या चुलतभावाची उतरवली. मग माझं डोकं केलं आणि ओल्या बोटांनी ओठापाशी आला. हात थांबला. तो माझ्याकडे बघत राहिला, सगळेच बघत राहिले. थोरल्या लेकाकडे द्यायला काही नव्हतं.

"इथं तं काईच नाही, भाऊ," तो हळूच म्हणाला.

"हो," मी म्हणालो. "ते आबाजीनं पायलं हाय."