मुकादमबाईंचा सल्लागार

माझी बायको इस्पितळाच्या धुलाईखान्यात बावीस वर्षं चादरींना इस्त्री करत होती. गेल्या वर्षी तिला मुकादम केलं, तेही तीन महिन्यांच्या बोलीवर. हाताखालच्या सहा बायकांना ती पटली तर कायम, नाहीतर पुन्हा इस्त्री.

मी इतिहासाचा निवृत्त मास्तर. युरोपातल्या प्रबोधनकाळाचं राजकारण तीस वर्षं शिकवलं, आणि घरात ते ऐकून घेणारं कोणी नव्हतं. आता आयतीच एक राज्यकर्ती हाती लागली, तेव्हा मी बाह्या सरसावल्या.

पहिला धडा चहाबरोबर झाला. त्या काळचे जाणकार सांगत, की कडू औषध एकदाच आणि सगळं पाजावं, गोड मात्र थेंबाथेंबाने द्यावं. तिने कामावर जाताच सगळ्यांना एकदम झापलं. त्या दिवशी रागावलेल्या बायकांनी वॉर्डात ओल्याच चादरी धाडल्या.

"लागू पडलं हो तुमचं औषध," ती घरी येऊन म्हणाली. "सहाही जणींची वाचा बसली आहे."

दुसरा धडा असा, की नवा मुलूख जिंकला तर राजाने तिथेच जाऊन राहावं. तिने आपलं टेबल काचेच्या खोलीतून काढून थेट मळक्या चादरींच्या ढिगाशेजारी मांडलं. हे मात्र जमलं. बायका तिच्याशी बोलू लागल्या आणि मी फुगलो. फुगल्यावर मास्तर जे करतो तेच मी केलं, तक्ता आखला.

धुलाईखान्यातलं सगळ्यात नकोसं काम म्हणजे मशिनात टाकण्याआधी चादरी झटकणं. त्यातून कात्र्या निघतात, चष्मे निघतात, एकदा तर कोणाचं अर्धवट प्रेमपत्र निघालं होतं. जी सगळ्यात नवी तिने झटकायचं, ही तिथली रीत. मला त्यात अन्याय दिसला. मी पट्टीने रेघा मारून सगळ्यांच्या पाळ्या लावल्या आणि पहिल्या सोमवारी घातलं काकींना. काकी तिथल्या सगळ्यात जुन्या. पंचवीस वर्षांत त्यांनी मळक्या चादरीला बोट लावलं नव्हतं.

काकींनी चादरी झटकल्या, पण छताकडे बघत. परिणामी एका आजोबांची कवळी मशिनातून फिरून आली. ती लखलखीत झाली होती, पण आजोबा काही ती तोंडात घालायला तयार होईनात. तक्रार मेट्रनबाईंकडे गेली. त्यांनी निरोप धाडला, "शुक्रवारी येऊन बायकांनाच विचारते, ही मुकादम हवी का नको."

बायको रडकुंडीला आली होती. "आता काय करू, सांगा."

मला तेव्हाही अक्कल पाजळायचीच हौस. मी त्या काळातल्या एका ड्यूकची गोष्ट सांगितली. त्याने जिंकलेला प्रांत वठणीवर आणायला एक क्रूर अधिकारी नेमला. प्रांत शांत झाला, पण लोक चिडले. मग ड्यूकने सगळं खापर त्या अधिकाऱ्यावरच फोडलं आणि एका सकाळी त्याचे दोन तुकडे चौकात पडलेले दिसले. लोक खूश झाले आणि ड्यूक सुटला.

तिने पदराने डोळे पुसले. मग म्हणाली, "उद्या दुपारी माझा डबा घेऊन याल?"

मी डबा घेऊन गेलो. आत पाऊल टाकतो न टाकतो तोच तिने तक्ता माझ्या नाकासमोर नाचवला.

"हे बघा गं, हे यांचं डोकं! तीस वर्षं पोरांना छळून पोट भरलं नाही, आता तुमच्या मागे लागलेत. आणि मी मूर्खासारखी यांचं ऐकत बसले!" तक्त्याचे टराटरा तुकडे झाले. तिने ढिगातली एक मळकी चादर उचलली. "आजपासून मी स्वतः झटकणार."

सहाही जणींचे चेहरे फुलले. काकी उठल्या आणि तिच्या हातातली चादर काढून घेत म्हणाल्या, "वेडी का तू? मुकादमाने झटकायचं असतं होय? बघतो आम्ही आमचं आमचं. आणि मास्तरांना बोलू नकोस जास्त. पुरुषमाणूस, त्यांना काय कळतंय चादरीतलं?"

शुक्रवारी ती कायम झाली.

मी दोन दिवस गाल फुगवून बसलो. तिने माझ्यापुढे चहा ठेवला. "तुकडे तक्त्याचेच केले ना? तुमचे नाही केले."

मला हसू आलं. रागही होता, आणि त्याहून जास्त तिचा अभिमान. तीस वर्षं मी ती गोष्ट वर्गात रंगवून सांगितली, पोरं टाळ्या पिटायची. पण इमानाने हुकूम पाळणाऱ्या त्या अधिकाऱ्याला चौकात नेताना काय वाटलं असेल, हे एकाही वर्षी माझ्या मनात आलं नव्हतं.