बकरीने खाल्लेला बर्फ

आधी हसणार नाही असं कबूल करा, मगच सांगते. कारण नाताळ मुळात काय असतो, हे मी जन्मभर नाताळ करणाऱ्या बाईलाच शिकवून आले आहे!

झालं असं. राजापेठेमागच्या आमच्या कॉलनीत एक हॉल आहे आणि त्याची चावी वानखडे काकांच्या खिशात. ती कधीच बाहेर येत नाही. आम्ही तरुण मंडळाच्या पोरापोरींनी मागितली की ठरलेलं उत्तर, "तुमी लेकरं, तुमाले काय समजते?"

यंदा मी भांडलेच. "काका, एक कार्यक्रम आमाले करू द्या. चांगला झाला तर चावी आमची."

"अन् फजिती झाली तं?"

"तर जन्मात मागणार नाही!"

कार्यक्रम ठरला नाताळचा. कॉलनीत ख्रिस्ती घर एकच, सुशीला मावशींचं. वय बहात्तर, निवृत्त नर्स. अर्ध्या कॉलनीला त्यांनीच लशी टोचल्यात.

मी पंधरा दिवस नुसतं वाचत होते. पंचवीस डिसेंबर ही तारीख बायबलमध्ये नाहीच, ती पुढे रोममध्ये ठरली. झाड जर्मनीकडून आलं. जिवंत जनावरं उभी करून गव्हाणीचा देखावा मांडला तो इटलीतल्या एका संताने. सगळं तोंडपाठ! मग आमंत्रण द्यायला मावशींकडे गेले, तर काय? दारात चांदणीचा आकाशकंदील, ताटात करंज्या, आणि मावशी चकल्या पाडत बसलेल्या!

मला दयाच आली हो.

"मावशी, हे तर दिवाळीचं झालं. नाताळाले असं नसते."

"असं का वं? मंग काय असते?"

पाऊण तास सांगितलं मी. बर्फ, झाड, मोजे, केक. मावशी चकल्या पाडता पाडता ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "लय शिकली वं बाई तू. घे, करंजी खाय. तोंड दुखलं असन."

मी तीन खाल्ल्या आणि वर म्हटलं, "तुमी फक्त पुढच्या खुर्चीत बसा. बाकी मी पाहतो."

आता बर्फ कुठून आणायचा? अहो, कापूस! आणि वऱ्हाडात राहून कापूस दुकानातून कोण आणतं? अचलपूरजवळ मामाचं शेत आहे. त्याने वेचणीचा दोन पोती कापूस एसटीने पाठवला, सरकीसकट. मी तो झाडावर, जमिनीवर, गव्हाणीवर पसरला. गव्हाणीसाठी गाय आणली होती, पण ती हॉलच्या पायऱ्या चढेना. मग दूधवाल्याची बकरी बांधली.

संध्याकाळी पाचला मंडळी आली. झाडाकडे कोणी बघेना! वानखडे काकांनी खाली बसून चिमूटभर बर्फ उचलला, ओढून पाहिला.

"धागा आखूड हाय. फरतड दिसते, मागच्या सालच्या शेवटच्या वेचणीची."

"नाही हो, पावसात भिजला असन," शेजारचे एक आजोबा म्हणाले.

बघता बघता सहा म्हातारे उकिडवे बसून माझ्या बर्फाची प्रत ठरवायला लागले.

"काका, तो बर्फ आहे!" मी ओरडले.

"बर्फ? याच्यात तं सरकी हाय!"

सरकी कोणाला आवडते, माहीत आहे ना? मी माइक हातात घेऊन "बायबलमध्ये तारीख नाही" इथवर आले आणि हॉल हसायला लागला. मागे वळून बघते तर बकरीने गव्हाणीवरचा बर्फ संपवून झाडाला हात घातलेला. हात म्हणजे तोंड. पुढच्या क्षणी झाड आडवं!

काकांनी खिशावर हात ठेवला. "झाली फजिती!"

माझ्या डोळ्यांत पाणी. तेवढ्यात मावशी उठल्या.

"हासता काहून? येशूबाप्पाचा जन्म गोठ्यात झाला. गोठ्यात जनावर खाइन नाही तं काय करन? अन् तिथं बर्फ होता असं कोठी लिवलं नाही."

मग त्यांनी पिशवीतून टाळ काढले आणि त्यांच्या आजोबांनी शिकवलेलं नाताळाचं भजन सुरू केलं. दुसऱ्या कडव्याला अख्खा हॉल टाळ्यांवर! भजन संपल्यावर तीन डबे उघडले: करंज्या, चकल्या, अनारसे.

"आमच्या घरी तीन पिढ्या नाताळाले हेच असते," त्या एवढंच म्हणाल्या. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी बकरीकडे बघत राहिले.

वानखडे काका पाचवी करंजी खाऊन बोलले, "असा कार्यक्रम कॉलनीत झाला नाही."

मी लगेच डोळे पुसले. "मग काका, चावी?"

आणि काय सांगू, चावी खरंच बाहेर आली! जिंकलो आम्ही! मी दोन्ही हात पुढे केले. चावी माझ्या डोक्यावरून गेली आणि मावशींच्या हातात पडली.

"तरुण मंडळालेच द्याची, तं यायले देतो!"

तर आमच्या तरुण मंडळाच्या अध्यक्षा आता बहात्तर वर्षांच्या आहेत. असू दे! चावी त्या खिशातून निघाली ती माझ्यामुळेच.

दुसऱ्या दिवशी तोऱ्यात चावी मागायला गेले. मावशी म्हणाल्या, "देतो नं. पण आंधी सांग मले, करंजीले मुरड कशी घालतात?"

मी सांगायला तोंड उघडलं. आणि आयुष्यात पहिल्यांदाच, काही न बोलता मिटलं.